डबे मोजा, आई शोधा

नांदेडच्या स्टेशनवर सचखंड एक्सप्रेस लागते तेव्हा फलाटावर काय गर्दी उसळते! हुजूर साहिबचं दर्शन घेऊन परतणारे भाविक, त्यांच्या पगड्या, त्यांची गाठोडी, त्यांची पंजाबी बडबड. ही गाडी थेट अमृतसरला जाते. अमृतसरच्या थोडं पुढे अटारी आणि अटारीच्या पलीकडे पाकिस्तान. १९७६ पासून २०१९ पर्यंत तिथून समझौता एक्सप्रेस नावाची गाडी लाहोरला जायची.

एवढ्या लांबचा नकाशा का सांगतेय? कारण साधारण वीसेक वर्षांपूर्वी याच समझौता एक्सप्रेसमध्ये लाहोर स्टेशनावर एक छोटी मुलगी एकटीच बसलेली सापडली. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, लिहिता-वाचताही येत नव्हतं. मग नाव कुठून सांगणार, आणि गाव कुठून सांगणार? कराचीच्या एधी फाउंडेशनने तिला सांभाळलं. तिथल्या बिल्किस एधी यांनी आधी तिचं नाव फातिमा ठेवलं. ती देवाला हात जोडते हे पाहिल्यावर ते बदलून गीता केलं. पुढे २०१५ मध्ये ‘बजरंगी भाईजान’ हा सिनेमा आला, आणि ‘अरे, अशी खरीखुरी मुलगी कराचीत आहे!’ म्हणून दोन्ही देशांत तिची चर्चा सुरू झाली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता विमानाने दिल्लीत उतरली. तेव्हा सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या.

भारतात तर आली. आता घर कुठलं?

बिहारमधल्या एका कुटुंबाचा फोटो पाहून ‘हीच माझी माणसं’ अशी खूण तिने कराचीत असताना केली होती. पण ती माणसं प्रत्यक्ष समोर आली तेव्हा तिने मान हलवली. नाही! मग डीएनए चाचणी झाली. तिचंही उत्तर ‘नाही’ असंच आलं. त्यानंतर बरीच कुटुंबं पुढे आली, काही महाराष्ट्रातलीही. प्रत्येकाला वाटायचं, ही आपलीच हरवलेली लेक. चाचण्या झाल्या, पण जुळेना.

ही चाचणी नेमकं काय तपासते? चला, आत शिरू.

तुमच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा एक लांबलचक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला तर तो दोनेक मीटर भरेल. म्हणजे तुमच्या बाबांपेक्षा उंच! त्यावर ए, टी, जी, सी अशी फक्त चारच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. आईकडून आलेल्या धाग्यावर सुमारे ३०० कोटी, बाबांकडून आलेल्या धाग्यावर जवळपास तितकीच. गंमत म्हणजे तुमची ही अक्षरं आणि शेजारच्या बाकावर बसून तुमचा खोडरबर पळवणाऱ्या मुलाची अक्षरं जवळजवळ ९९.९ टक्के सारखी असतात. फरक उरतो तो चिमूटभर. पण ३०० कोटींतली चिमूटसुद्धा लाखांत जाते.

शास्त्रज्ञ सगळी ३०० कोटी अक्षरं वाचत बसत नाहीत. ते ठरावीक जागा गाठतात. तिथे चार अक्षरांचा एक छोटा तुकडा अडखळल्यासारखा परत परत येतो. उदाहरणार्थ, गाटा-गाटा-गाटा-गाटा. हा तुकडा म्हणजे रेल्वेचा एक डबा समजा. गाडी तीच, रूळ तेच, पण कुणाच्या गाडीला सात डबे, कुणाच्या गाडीला बारा. आणि प्रत्येक जागी तुमच्याकडे दोन गाड्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक बाबांकडून आलेली. म्हणून एका जागेसाठी दोन आकडे मिळतात, समजा ७ आणि १२. अशा वीसेक जागा तपासल्या की चाळीस आकड्यांची एक ओळ तयार होते. हिला डीएनए प्रोफाइल म्हणतात. त्या ओळीत नाव नाही, गाव नाही, जात नाही, गणितात किती गुण पडले तेही नाही. नुसते डबे मोजलेले.

एका जागी तुमचे आणि एखाद्या अनोळखी माणसाचे आकडे सहज सारखे निघतील. दोन-तीन जागी निघाले तरी नवल नाही. पण वीसच्या वीस जागी जुळायला अख्ख्या जगाची लोकसंख्याही पुरत नाही. अपवाद एकच, एकसारखी दिसणारी जुळी भावंडं. त्यांच्या डीएनएचे आकडे सारखेच येतात. बोटांचे ठसे मात्र वेगळे!

आता एक कोडं. एका आईचे चार जागांचे आकडे असे: ७–९, १२–१५, ८–११, २९–३०. तीन मुली समोर आहेत.

क: ७–८, १५–१६, ११–११, ३०–३२.
ख: ९–९, १२–१४, ९–१०, २८–३१.
ग: ७–९, १८–१९, ८–११, २९–३०.

यांतली कोणती मुलगी या आईची असू शकेल? प्रत्येक जागी दोनपैकी एक आकडा आईचा असायलाच हवा, एवढा एकच नियम. पेन्सिल घ्या. उत्तर शेवटी आहे, पण आत्ताच तिकडे उडी मारू नका.

डीएनएवरून माणूस ओळखण्याची ही कल्पना कुणाच्या डोक्यात आली? इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज नावाचे शास्त्रज्ञ होते. १० सप्टेंबर १९८४, सोमवार, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं. त्यांनी रसायनातून नुकतीच एक एक्स-रे फिल्म बाहेर काढली होती. तिच्यावर त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंच्या आणि त्यांच्या आई-वडिलांच्या डीएनएचे काळे पट्टे उमटले होते. प्रत्येकाची नक्षी वेगळी होती. तरी लेकीचा एकेक पट्टा आईत नाहीतर वडिलांत सापडत होता. जेफ्रीज यांना वेळसुद्धा लक्षात राहिली, यावरून त्यांना केवढा धक्का बसला असेल ते ओळखा. पुढच्याच वर्षी एक प्रकरण आलं. घाना देशातून परतलेल्या एका मुलाला ब्रिटनचे अधिकारी आत येऊ देईनात. हा तुझा मुलगा नाही, बहिणीचा असेल, असं ते त्याच्या आईला म्हणत होते. जेफ्रीज यांनी पट्टे जुळवून दाखवले आणि मुलगा आईजवळ राहिला. म्हणजे या तंत्राने पहिलं मोठं काम केलं ते चोर पकडायचं नव्हे. दोन देशांच्या मध्ये अडकलेल्या पोराला आई मिळवून द्यायचं होतं. मला हे फार आवडतं.

आपल्या शेजारच्या हैदराबादेत याच सुमारास डॉ. लालजी सिंह सीसीएमबी या संस्थेत काम करत होते. त्यांची वाट तर आणखीच अजब. ती सापाच्या बिळातून आली! सापांमध्ये नर कोण, मादी कोण हे कशावरून ठरतं, याचा ते अभ्यास करत होते. पट्टेरी मण्यार या विषारी सापाच्या डीएनएत त्यांना गाटा-गाटा अशी लांब माळ सापडली, आणि तशीच माळ माणसातही निघाली. तिच्या मदतीने १९८८ च्या सुमारास त्यांनी भारताची स्वतःची ओळख-पद्धत उभी केली. परदेशातून महागडी रसायनं मागवायची गरज उरली नाही. पुढे याच कामासाठी हैदराबादेत सीडीएफडी ही वेगळी संस्था निघाली.

आता गीताकडे एक प्रश्न घेऊन जाऊ. तिच्या डीएनएचे आकडे तर मिळाले होते. मग एवढ्या मोठ्या देशात तिची आई शोधायला वर्षानुवर्षं का लागावीत? संगणकात आकडे टाकायचे, बटण दाबायचं, झालं!

नाही ना. संगणक कशाशी जुळवणार? आईचे आकडे आधी कुठेतरी नोंदवलेले असतील तरच जुळणी होईल. समोर कुणी येऊन उभं राहिलं तर चाचणी ‘हो’ की ‘नाही’ ते सांगते. कुठे शोधायचं ते ती सांगू शकत नाही. त्यासाठी हवा असतो आकड्यांचा साठा, म्हणजे डीएनए डेटाबेस. त्यात एका कप्प्यात हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांचे आकडे, दुसऱ्यात ओळख न पटलेल्या माणसांचे. दोन्ही कप्पे भरलेले हवेत. एकच भरला तर तो नुसता वाट बघत राहतो.

अर्जेंटिना नावाच्या देशात असा साठा कुणी उभा करायला लावला, ठाऊक आहे? आज्यांनी! १९७६ ते १९८३ या काळात तिथे लष्कराचं राज्य होतं. सरकारविरुद्ध बोलणारी हजारो तरुण माणसं गायब झाली आणि त्यांची तान्ही बाळं भलत्याच घरांत, भलत्याच नावांनी वाढवली गेली. त्या बाळांच्या आज्या राजधानीतल्या चौकात जमू लागल्या. आई-बाप दोघंही नसताना नुसत्या आजीच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का, असं त्यांनी शास्त्रज्ञांना विचारलं. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी शास्त्रज्ञ बाई मदतीला आल्या. पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे कण असतात. त्यांचा छोटासा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आईच्या आईचा तुमच्यात जसाच्या तसा असतो. तो पकडला की मधली पिढी नसली तरी चालतं. १९८७ मध्ये कायदा होऊन आज्यांचे नमुने जपणारी राष्ट्रीय बँक सुरू झाली. आजवर १३० हून अधिक नातवंडं सापडली. काही तर परदेशांत राहत होती. कित्येक आज्या तोवर वारल्या होत्या, पण त्यांचे आकडे बँकेत होते.

गीताचा शोध मात्र जुन्याच पद्धतीने लागला. इंदूरमध्ये तिला सांभाळणाऱ्यांनी तिच्या खाणाखुणा जमवल्या: घराजवळ रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ. त्यावरून बोट मराठवाड्याकडे गेलं, आणि सचखंड एक्सप्रेसमुळे नांदेडकडे. डिसेंबर २०२० मध्ये ती नांदेडला आली, गोदावरीच्या काठाने बासरपर्यंत जाऊन आली. मग परभणीच्या बाजूची एक आई पुढे आली. माझ्या लेकीच्या पोटावर भाजल्याची खूण आहे, असं तिने सांगितलं. खूण होती! मार्च २०२१ मध्ये कराचीहून बिल्किस एधी यांनीही आनंदाने जाहीर केलं, गीताला आई मिळाली, तिचं पहिलं नाव राधा. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनी जे केलं नाही ते एका भाजल्याच्या डागाने केलं. डीएनएचा यात दोष नाही. त्याला विचारायला दुसरी बाजूच कुणी दिली नव्हती.

आता समजा, प्रत्येक देशाने आपापला साठा केला. पण माणूस काय सीमेवर थांबतो? आपल्या देगलूर तालुक्यातून निघालात तर एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. उदगीरहून बीदर किती जवळ! तिथे निदान देश एकच आहे. युरोपात तर सकाळी सायकलवर निघालेला माणूस न्याहारीला दुसऱ्या देशात असतो. म्हणून २७ मे २००५ रोजी जर्मनीतल्या प्रूम नावाच्या छोट्या गावात सात शेजारी देशांनी एक करार केला. त्यातली युक्ती फार हुशारीची आहे. जर्मनीचे पोलीस ऑस्ट्रियाला फक्त आकडे पाठवतात, नाव नाही. ऑस्ट्रियाचा संगणक फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणतो. ‘आहे’ म्हणाला तरी नाव लगेच मिळत नाही. त्यासाठी कायदेशीर अर्ज, कारण, सही, शिक्का. या दोन देशांनी पहिल्यांदा एकमेकांचे साठे जुळवून पाहिले तेव्हा शेकडो जुळण्या निघाल्या. २००८ पासून ही व्यवस्था साऱ्या युरोपीय संघाची झाली.

यासाठी अट एकच, सगळ्यांनी त्याच जागांवरचे डबे मोजायला हवेत. मी पाचव्या जागेचे मोजले आणि तुम्ही नवव्या जागेचे, तर जुळवणार काय? युरोपने आधी सात जागा ठरवल्या, मग २००९ मध्ये बारा. अमेरिकेने तेराच्या वीस केल्या, २०१७ पासून. इंटरपोल या पोलिसांच्या जागतिक संघटनेकडेही २००२ पासून असा साठा आहे, आणि तिथेही आकड्यांसोबत नाव नसतं. २०२१ मध्ये तिने हरवलेल्या माणसांसाठी नातेवाइकांच्या आकड्यांची वेगळी सोय सुरू केली.

एवढी शिस्त असूनही फजिती झाली ती ऐका. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स या तीन देशांत चाळीस ठिकाणी एकाच बाईचा डीएनए सापडू लागला. कुठे चोरीच्या जागी, कुठे खेळण्यातल्या पिस्तुलावर, कुठे अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर. पोलीस चक्रावले. बाईला पकडून देणाऱ्याला तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. मग एकदा एका पुरुषाच्या कागदपत्रावरचा डीएनए तपासला तर निघाला त्याच बाईचा! तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला. नमुना टिपायच्या कापसाच्या काड्याच ज्या कारखान्यात भरल्या जात, तिथल्या एका बिचाऱ्या कामगार बाईचा तो डीएनए होता. काड्या जंतूंपासून मुक्त केलेल्या होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए नाहीसा होत नाही. तिन्ही देशांचे साठे अगदी बरोबर जुळत होते, चूक मुळातल्या काडीत होती. पुढे २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी खास आंतरराष्ट्रीय मानकच तयार झालं. नांदेडला आपली प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत हातमोजे, मास्क आणि कोरी काडीसुद्धा तपासून पाहायचे नियम एवढे कडक का असतात, ते आता कळलं?

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. साठ्यात कुणाचे आकडे ठेवायचे, आणि किती वर्षं?

ब्रिटनने १९९५ मध्ये जगातला पहिला राष्ट्रीय डीएनए साठा सुरू केला. २००१ मध्ये तिथे एका अकरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी पकडलं, नमुना घेतला. पुढे तो निर्दोष सुटला. पण नमुना? तो म्हणे ठेवणारच! मुलाने दाद मागितली. प्रकरण थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि ४ डिसेंबर २००८ रोजी सतराच्या सतरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की निर्दोष माणसांचे नमुने असे कायमचे ठेवता येणार नाहीत. त्यानंतर २०१२ मध्ये ब्रिटनने कायदा बदलला. दहा लाखांहून जास्त नोंदी पुसल्या गेल्या. शिवाय आकडे काढून झाले की मूळ थुंकीचा नमुना सहा महिन्यांच्या आत नष्ट करायचा, असंही ठरलं. हे महत्त्वाचं, कारण चाळीस आकड्यांतून फारसं कळत नसलं तरी मूळ नमुन्यात तुमची सगळी ३०० कोटी अक्षरं असतात, आजारांसकट. आणि तुमचे आकडे म्हणजे निम्मे तुमच्या आईचे, निम्मे बाबांचे. तुम्ही नमुना दिलात की त्यांच्याबद्दलही थोडं सांगून बसलात, त्यांना न विचारता!

आपल्याकडे काय? २०१९ मध्ये लोकसभेत डीएनए विधेयक मांडलं गेलं होतं. त्यात पाच याद्या होत्या: घटनास्थळ, संशयित, गुन्हेगार, हरवलेली माणसं आणि ओळख न पटलेले मृत. शेवटची यादी कशाला, असं नांदेडच्या मुलांना वाटेल, पण लातूरच्या मुलांना वाटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि काही क्षणांत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, हे त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतं. त्या वेळी अशी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा अख्ख्या भारतात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शेजारच्या बांगलादेशाने २०१४ मध्येच स्वतःचा डीएनए कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली होती आणि अनेकांची ओळख नातेवाइकांच्या डीएनएवरूनच पटवावी लागली होती.

आपलं विधेयक संसदेच्या समितीने तपासलं, त्यावर खूप वाद झाले, आणि जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. २०२२ चा एक दुसरा कायदा मात्र लागू आहे. अटक झालेल्यांचे ठसे, फोटो, बुबुळांच्या नोंदी आणि शरीराचे नमुने घेता येतात आणि त्या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाने वेगळं सांगितलं नसेल तर त्या पुसायच्या. ७५ वर्षं म्हणजे किती? तुम्ही आज दहा वर्षांचे असाल तर पंच्याऐंशीचे होईपर्यंत! मला विचाराल तर गुन्हेगारांची यादी आणि हरवलेल्यांची यादी यांची भिंत अगदी पक्की हवी. आपल्या लेकीला शोधायला आलेल्या आईने दिलेला नमुना दुसऱ्या कशासाठी वापरला जाणार नाही, अशी खात्री नसेल तर ती आई काडी गालात घालूच देणार नाही. आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांच्यात प्रूमसारखा करार नाही. लाहोरमध्ये मोठी फॉरेन्सिक प्रयोगशाळा आहे, हैदराबादेतही आहे. दोघीही डबे मोजू शकतात.

बरं, कोड्याचं उत्तर. ‘ग’ बघून फसलात ना? तीन जागी तिचे आकडे आईसारखे हुबेहूब आहेत, पण दुसऱ्या जागी १८–१९, त्यात ना १२ ना १५. ‘ख’ तर दोन जागी घसरते. ‘क’ पाहा: ७, १५, ११, ३०. प्रत्येक जागी एक आकडा आईचा. म्हणजे ‘क’ तिची मुलगी असू शकेल. ‘असू शकेल’ म्हणाले, ‘आहे’ म्हणाले नाही, कारण आपण चारच जागा पाहिल्या, अजून सोळा बाकी आहेत. शिवाय कधीकधी आईकडून मुलीकडे येताना एखादा डबा वाढतो किंवा गळतो, त्यामुळे शास्त्रज्ञ एका जागेवरून घाईने ‘नाही’ही म्हणत नाहीत. ‘ग’चे तीन डबे एकदम वाढले असतील, असं मानणं मात्र जरा जास्तच होईल!